घड्याळ कोणाच्या हातात आहे?

युद्धावरची कादंबरी वाचायला घेतली की सहावी-सातवीतल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, बंदूक कोणती? दुसरा, किती जणांना मारलं? तिसऱ्या प्रश्नाची वाट बघावी लागते. तो कधी चौथ्या दिवशी येतो, कधी पुस्तक संपून आठवडा उलटल्यावर, आणि बहुतेकदा युद्धाबद्दल नसतोच. कुत्र्याबद्दल असतो, नाहीतर घड्याळाबद्दल. मोठ्यांना तेवढा धीर निघत नाही. पहिले दोन प्रश्न ऐकूनच ते दचकतात आणि 'म्हणजे युद्ध वाईट असतं, हो ना?' असं विचारून मोकळे होतात. मुलं एका सुरात 'हो' म्हणतात. त्या 'हो'ची किंमत शून्य. विचारणाऱ्याला काय ऐकायचं आहे हे ओळखण्यात मुलं पहिलीपासून तरबेज झालेली असतात.

मायकल मॉर्पर्गो यांची 'प्रायव्हेट पीसफुल' ही २००३ सालची कादंबरी अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांबरोबर वाचायला मला सगळ्यात सोयीची वाटते. कारण ती मुलांना हा 'हो' म्हणायची संधीच देत नाही. डेव्हनमधलं एक इंग्लिश खेडं, टॉमो आणि त्याच्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठा चार्ली, त्यांच्याहून मोठा पण मनानं लहानच राहिलेला जो, आणि आई. वडील जंगलात झाडाखाली सापडून गेलेले. मग पहिलं महायुद्ध. टॉमो सोळाचाही नसतो. चार्लीचा जुळा भाऊ आहे असं सांगून त्याच्याबरोबर भरती होतो. ही सगळी हकीकत टॉमो एका रात्रीत आठवत बसलेला आहे. प्रकरणं तेरा आणि प्रत्येकाचं नाव म्हणजे घड्याळातली वेळ. पहिलं दहा वाजून पाच मिनिटं, शेवटचं सहाला एक मिनिट कमी. सकाळी सहाला काय होणार, हे लेखक बराच वेळ दडवून ठेवतो. मी पुढे ते सांगणार आहे, तेव्हा आधी स्वतः वाचायची असेल तर इथंच थांबा.

नागपुरात हे वाचन करायचं तर मे-जूनसारखा काळ नाही आणि मे-जूनसारखी अडचणही नाही. पुण्या-मुंबईच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भातल्या जूनच्या अखेरीला. ते दहा-बारा दिवस मुलं घरात वैतागलेली असतात आणि नवं दप्तर अजून आलेलं नसतं. अडचण कूलरची. दुपारी कूलर लावून वाचायला बसलं की पुढच्या चौघांनाच ऐकू येतं. वाचणारा आवाज चढवतो, आणि चढलेल्या आवाजात खंदकातली कुजबुज वाचली की ती भाषणासारखी वाटते. म्हणून बैठक सकाळी सातला, उन्हं चढायच्या आत, कूलर बंद ठेवून. मुलं बारा ते पंधरा. आठपेक्षा कमी असली तर कोणीच आधी बोलत नाही, वीस झाली तर बोलणारे तिघे कायमचे ठरून जातात.

पुस्तक इंग्रजीत असतं, म्हणून एक-दीड पान मूळ वाचायचं आणि तेवढंच मराठीत सांगायचं. पूर्ण भाषांतर लिहून आणलं तर ते पुस्तकी होतं आणि वाचणाऱ्याची मान कागदातून वर येत नाही. नुसतं सांगत गेलं तर प्रसंगाची चव जाते. या पद्धतीनं एका पानाला साडेतीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे सरासरी प्रकरणाला पाऊण तास ते एक तास. तेरा प्रकरणांच्या तेरा बैठका. दोन प्रकरणं एका दिवशी उरकायचा मोह आवरा. मुलं रात्रभर प्रकरण डोक्यात घोळवतात आणि दुसऱ्या दिवशीची पहिली पाच मिनिटं त्यावरच जातात. त्या पाच मिनिटांत जे कानावर पडतं ते ठरवून विचारलेल्या प्रश्नांतून सहसा मिळत नाही.

पहिली ठेच नावालाच लागते. 'प्रायव्हेट' म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे प्रायव्हेट ट्रॅव्हल्सची बस येते, नाहीतर प्रायव्हेट ट्यूशन. साध्या शिपायाला इंग्रजी फौजेत प्रायव्हेट म्हणतात हे आधीच सांगा, नाहीतर तिसऱ्या प्रकरणापर्यंत कोणीतरी हा खासगी सैनिक आहे असंच धरून चालतं. पीसफुल हे आडनाव आहे. शांत नावाचा माणूस लढाईवर कसा, हा प्रश्न हमखास येतो. त्याला उत्तर आपल्याकडेच आहे: वाघमारे आडनावाचा माणूस झुरळाला घाबरू शकतो. मुलं हसतात आणि पुढे जातात. हे आडनाव लेखकानं मनानं रचलेलं नाही, बेल्जियममधल्या ईप्र इथल्या एका कबरीवर त्यांनी ते वाचलं होतं. पण हे पुस्तक संपल्यावर सांगावं. आधी सांगितलं की मुलं सगळी गोष्ट खरी की खोटी याच खटल्यात अडकतात.

प्रतिसाद गोळा करायला वही देऊ नका. वही दिली की शीर्षक येतं, समास येतो, 'या प्रकरणातून मला असे समजले की' येतं. वहीच्या पानाचे चार तुकडे करा, बोथट पेन्सिली ठेवा, मिठाईचा रिकामा डबा ठेवा. नाव लिहायचं नाही. एकच प्रश्न, रोज तोच: आज वाचताना कुठं थांबावंसं वाटलं? चित्र काढलं तरी चालेल, कोरी चिठ्ठी टाकली तरी चालेल. कोऱ्या चिठ्ठ्या मोजून ठेवा, कारण त्याही बोलतात. दहाव्या-अकराव्या प्रकरणानंतर त्या वाढल्या तर मुलं कंटाळली आहेत असं लगेच समजू नका. हातात पेन्सिल घेऊन पाच मिनिटं बसलेलं आणि मग कोरा कागद घडी घालून टाकणारं पोरगं कंटाळलेलं नसतं.

पहिल्याच प्रकरणात एक जागा जपून वाचायची आहे. जंगलात झाड कोसळतं, वडील टॉमोला ढकलून वाचवतात आणि स्वतः सापडतात. आपल्यामुळे बाबा गेले, हे तो कोणालाच सांगत नाही. गटात घरचं माणूस नुकतंच गेलेलं मूल असेल तर त्याच्या घरी आधी बोलून ठेवा आणि त्या मुलालाही आदल्या दिवशी सांगा की उद्या गोष्टीत असं आहे. मूल नको म्हणालं तर त्या दिवशी त्याला पाण्याच्या माठाचं किंवा चिठ्ठ्यांचं काम द्या, घरी पाठवू नका. घरी पाठवलं की सगळ्यांना कारण कळतं. बैठकीतल्या बहुतेक फजित्या विनोदी असतात, इथली चूक मात्र भरून येत नाही.

आता घड्याळ. टॉमोच्या मनगटावरचं घड्याळ चार्लीचं आहे. गोष्टीतली सगळ्यात मोठी खूण तीच, आणि ती पहिल्यापासून उघड्यावर पडलेली असते. पण मुलांना ती दिसत नाही, कारण चावीचं घड्याळ म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नसतं. म्हणून कोणाच्या तरी आजोबांचं जुनं एचएमटी आणा, 'जनता' किंवा तसलंच चावीचं, सेलवालं नको. पहिल्या बैठकीत ते हातोहात फिरवा. बोटाच्या पेरानं चावी पुढे-मागे फिरवायची, किर्र-किर्र असा बारीक आवाज येतो, आणि हाताला अडलं की थांबायचं. हे शेवटचं दोनदा सांगा, कारण एक तरी पोरगा अडल्यावरही जोर लावतोच आणि मग आजोबांना तोंड दाखवायची पंचाईत. पूर्ण चावी दिली की साधारण दीड दिवस चालतं. म्हणजे रोज कोणीतरी आठवणीनं चावी द्यायलाच हवी. ही जबाबदारी रोज वेगळ्या मुलाकडे द्या. कानाला लावलं की टिकटिक ऐकू येते, अर्थात कूलर बंद असेल तरच. चार-पाच दिवसांत मुलं प्रकरणाचं नाव निघालं की आपोआप काट्यांकडे बघायला लागतात, आणि सहाला अजून किती वेळ आहे याचा हिशोब कोणी न सांगता सुरू होतो. सातव्या-आठव्या दिवशी डब्यात एक चिठ्ठी पडते: घड्याळ चार्लीचं आहे तर ते टॉमोकडे का? ही चिठ्ठी मोठ्यानं वाचू नका. वाचलीत तर उरलेल्यांचा शोध तुम्ही हिसकावून घेतलात.

मधला भाग मुलं स्वतःच ओढत नेतात. म्हातारी शिकारी कुत्री बर्था. चार्ली तिला लपवतो आणि गावचा जमीनदार कर्नल शेवटी तिला गोळी घालतो. कुत्रीच्या चिठ्ठ्या माणसांच्या चिठ्ठ्यांपेक्षा जास्त येतात. त्यावर नाक मुरडायचं कारण नाही. बिनकामाची झाली म्हणून गोळी, हा धडा कादंबरी तिथंच गिरवून घेते, पुढे तो माणसाला लागू होणार आहे. कुरणात वाट चुकून उतरलेलं पिवळं विमान नागपूरच्या मुलांना आवडतं, पण त्यांना त्याचं नवल कमी. वायुसेनानगरच्या बाजूची पोरं आवाजावरून विमान ओळखतात. आणि जोचं आवडतं गाणं, संत्र्यांचं आणि लिंबांचं ते जुनं इंग्लिश बालगीत. संत्रं म्हटलं की आपली पोट्टी एकदम माहेरची होतात. लंडनच्या चर्चच्या घंटांच्या गाण्यात संत्री कुठून आली, तिकडे पिकतात का, आपल्यासारखी सोलता येतात का? विचारू द्या. बोटीनं येणारी, परक्या मुलखातली गोष्ट होती ती. त्या गाण्याच्या शेवटी मुंडकं उडवायचा खेळ आहे हे मात्र तेव्हा सांगायचं नाही, कारण शेवटच्या पहाटे चार्ली हेच गाणार आहे.

भरतीच्या प्रकरणाला मात्र घाई करू नका. बाजारात बँड वाजतो, सार्जंट मेजर भाषण ठोकतो आणि गर्दीतली एक बोळक्या तोंडाची म्हातारी टॉमोला टोचते, तू भित्रा तर नाहीस ना? सगळं गाडं या एका शब्दावर फिरतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर किंवा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकच शब्द लिहा, 'भित्रा', आणि मुलांना विचारा, गोष्टीत आतापर्यंत कोण? पहिल्यांदा टॉमोचं नाव येतं. तो कागद तसाच भिंतीवर राहू द्या आणि रोज त्यावर खाडाखोड करू द्या. तेराव्या दिवशी त्यावरची पहिली नावं आणि शेवटची नावं ताडून पाहिली की तुमच्या गटाचा प्रतिसाद तुम्हाला कळतो, वेगळी प्रश्नपत्रिका लागत नाही.

इथे नागपूर मध्ये येतंच. मानकापूरच्या मैदानावर, गावाबाहेरच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी पोरं या मुलांनी पाहिलेली असतात. कोणाचा दादा, कोणाचा मामा. भरतीची तयारी, १.६ किलोमीटरची धाव, छाती, पुलअप्स. २०२२ पासूनच्या अग्निवीर भरतीत वयाची सुरुवात साडेसतरापासून आहे. तेव्हाच्या ब्रिटिश फौजेत नाव नोंदवायला १८ आणि समुद्रापार लढायला १९ पूर्ण लागत, पण दाखला कोणी फारसं विचारत नसे. सिडनी लुईस नावाचा मुलगा १२ व्या वर्षी भरती झाला आणि १३ व्या वर्षी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होता. हे सांगितलं की सातवीतला मुलगा आधी स्वतःची उंची बघतो. मग हळूच शेजाऱ्याची बघतो. त्यावर काही बोलू नका. आणि दादा धावतो म्हणजे तो फसवला जातोय, असा सूर तर चुकूनही लागू देऊ नका. ज्या घरात त्या नोकरीवर तिघांची आशा आहे तिथलं मूल उठून जाईल आणि ते बरोबरच असेल.

हाच ताण शेवटाकडे टोकाला जातो. सार्जंट हॅनली पुढे घुसायचा हुकूम देतो. समोरून मशीनगन चालू आहे, टॉमो जखमी होऊन पडलेला आहे. घुसणं म्हणजे मरणं हे सगळ्यांना दिसतंय. चार्ली हुकूम मानत नाही, भावाजवळ थांबतो. त्याच्यावर कोर्ट मार्शल होतं, तासाभराच्या आत उरकतं, आणि पहाटे गोळी घालायची शिक्षा होते. इतका वेळ टॉमो स्वतःच्या मरणाची रात्र जागवतोय असं वाटत असतं, ती चार्लीची असते.

कामठी-छावणीच्या बाजूला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, इकडे नागपुरात वायुदलाची वसाहत आहे, आयुध निर्माणी आहे. बारा मुलांच्या गटात वर्दीतल्या घरचं एखाददुसरं मूल असतंच, आणि ते इथे एकटं पडतं. बाकीचे म्हणतात, 'हॅनली भैताड आहे, चार्ली काऊन ऐकेल त्याचं?' आणि हे मूल म्हणतं की हुकूम ज्याला पटेल त्यानंच मानायचा म्हटलं तर फौज चालेलच कशी. हा गटातला सगळ्यात मोलाचा आवाज. गटानं त्याला दाबलं तर वाचणाऱ्यानं मध्ये पडावं, पण त्याची बाजू घेऊन नव्हे. नुसतं विचारावं, चार्लीच्या मागे आणखी दहा जण थांबले असते तर शेजारच्या तुकडीचं काय झालं असतं? आणि मग गप्प बसावं.

नाटक करायचं असेल तर खटल्याचं करा, गोळीबाराचं नको. गोळीबाराचं नाटक दोन मिनिटांत ठो-ठो होतं, डोळ्यांना रुमाल बांधलेला पोरगा खिदळतो आणि सगळं पाण्यात जातं. खटल्याला तीन न्यायाधीश, एक आरोपी, एक साक्षीदार, वेळ वीस मिनिटं, घड्याळ समोर. टीव्ही बघून सगळ्यांना वकील व्हायचं असतं. सांगायचं, वकील नाही. साक्षीदार एकच आणि तो हॅनली. आरोपीनं दोन वाक्यं बोलायची, निकाल द्यायचा, उठायचं. मुलं संतापतात, हा काय खटला झाला का? बस, इथंच थांबवा.

आकडे पुस्तक संपल्यावर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करी न्यायालयांनी तीन हजारांवर मृत्युदंड सुनावले, त्यांतले ३४६ अमलात आले. म्हणजे दहातल्या जवळपास नऊ जणांची शिक्षा कमी झाली. हे दोन्ही एकत्र सांगायचं, नाहीतर मुलांना वाटतं पळालेला प्रत्येक जण मेला. हर्बर्ट बर्डन हा मुलगा वय वाढवून भरती झाला होता, १९१५ मध्ये त्याला गोळ्या घातल्या तेव्हा तो १७ वर्षांचा होता. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला २००१ मध्ये उभारलेल्या स्मारकात डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या शिपायाचा पुतळा त्याच्यावरून केला आहे. मागे ३०६ खांब, पळून जाणं, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या प्रत्येकासाठी एक; ३४६ मधले उरलेले खून, बंड यांसाठीचे. २००६ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा करून त्यांना माफी दिली. पण दोष आणि शिक्षा त्याच कायद्यानं कागदावर तशाच ठेवल्या.

'माफी' या शब्दापाशी मराठी मुलं जशी अडतात तशी इंग्रजी वाचणारी मुलं अडणार नाहीत. आपल्याकडे माफी मागतात तीही माफी आणि देतात तीही माफी. पोरं विचारतात, कोणी कोणाची मागितली? सरकारनं त्यांची, की त्यांनी सरकारची? ती तर मेली होती. शब्दकोश उघडून 'क्षमादान' असं सांगता येतं आणि प्रश्न मिटवताही येतो. मी मिटवणार नाही. आपल्या भाषेनं एक फट ठेवली आहे आणि मुलांनी नेमका तिथंच हात घातला आहे. शेवटच्या दोन दिवसांच्या निम्म्या चिठ्ठ्या यावरच असल्या तरी चालेल.

आणि एक प्रश्न न चुकता येतो, आपले कोणी होते का? होते. भारतातून तेरा लाखांच्या आसपास माणसं त्या युद्धावर गेली, त्यांतली सुमारे ७४,००० परतली नाहीत. ईप्रजवळच्या होलेबेक इथे ३१ ऑक्टोबर १९१४ ला लढलेल्या खुदादाद खान यांना भारतीय शिपायाला मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतलं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. २२ एप्रिल १९१५ ला ईप्रला क्लोरीन वायू सोडला गेला, त्यानंतर चारच दिवसांत भारतीय फौजेच्या लाहोर डिव्हिजनचे शिपाई तिथे चाल करून गेले. आणि गोष्टीत ती रात्र चालू आहे त्या १९१६ च्या जूनमध्ये, इराकातल्या कूतला एप्रिलअखेर शरण आलेल्या ६ व्या पुणे डिव्हिजनमधले मराठा पलटणींचे शिपाई तुर्कांच्या कैदेत होते. यादी इथेच थांबवा. आपलेही शूर होते, असा तास घेतला की चार्ली बाजूला पडतो आणि परत पहिला प्रश्न येतो, बंदूक कोणती?

१५ ऑगस्टला नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतो, २६ जानेवारीलाही. इंग्रज आणि भोसल्यांच्या १८१७ च्या लढाईत पडलेल्यांच्या कबरी आत आहेत. गटाला तिथे न्यायचं असेल तर हाच दिवस, सकाळी लवकर, पाण्याच्या बाटल्या घेऊन, गर्दी व्हायच्या आत. कबरीवरून आडनाव उचललेल्या लेखकाची गोष्ट राखून ठेवली होती ती इथे सांगायची. बाकी काही सांगू नये, मुलं स्वतःहून वाकून अक्षरं लागतात का बघतात.

राहिलं तेरावं प्रकरण. त्या दिवशी बैठक पाऊण तास आधी, सव्वासहाला ठेवा, पालकांना तसं सांगून. खिडक्या उघड्या, पंखाही हळू. चावी आदल्या रात्री ज्याच्या पाळीला त्यानं दिलेली असते, तरी एकदा तपासा, बंद घड्याळ घेऊन बसण्यासारखा विचका नाही. प्रकरण छोटं आहे, मध्ये मराठीत सांगायला थांबू नका. मुलांना आतापर्यंत एवढं इंग्रजी कळतं, आणि जे कळत नाही ते आवाजावरून कळतं. गाण्यापाशी गाऊ नका, वाचा. संपल्यावर डबा पुढे करू नका, तो दारापाशी ठेवा, ज्याला टाकायची त्यानं जाता जाता टाकावी. पोहे तयार ठेवले तर बरं, तर्री वेगळी. बराच वेळ कोणी उठत नाही. मग कोणीतरी हात पुढे करून घड्याळ मागतं आणि चावी द्यायला लागतं, अजून ती अर्ध्यावरही उतरलेली नसते.